'दुर्बीण' : मूळ, कूळ आणि परिभाषेचा प्रश्न

१

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे म्हणतात. शब्दांच्या बाबतीत मात्र मूळ आणि कूळ दोन्ही विचारल्यावाचून भागत नाही. कारण ते विचारले नाही तर लोक आपापल्या सोयीने ते ठरवून टाकतात. मराठीतील 'दुर्बीण' हा शब्द याचे चांगले उदाहरण आहे. लहान मुलापासून खगोलशास्त्राच्या अभ्यासकापर्यंत सर्वांच्या तोंडी असलेला हा शब्द कोठून आला, असे विचारले असता आज दोन उत्तरे हटकून मिळतात. पहिले असे की, तो इंग्रजीतील 'बायनॉक्युलर' या शब्दाचा आरंभ तोडून त्याला आपला 'दूर' जोडून बनला. दुसरे असे की, तो 'यावनी' असून शुद्ध मराठीत त्याला थारा असू नये. त्याऐवजी 'दूरदर्शक' म्हणावे. पहिले उत्तर चुकीचे आहे. दुसऱ्याचा पूर्वार्ध ढोबळ अर्थाने खरा असला तरी त्यातून काढलेला निष्कर्ष तपासून पाहण्याजोगा आहे. हा प्रश्न एका शब्दापुरता नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून भाषेची थोरवी तिच्या प्राचीनतेने आणि निर्भेळपणाने मोजण्याकडे कल वाढलेला दिसतो. अशा वेळी एखाद्या रुळलेल्या शब्दाचे बारकाईने परीक्षण करणे अप्रस्तुत ठरू नये.

२

'दुर्बीण' हा फारसी 'दूरबीन' या सामासिक शब्दाचा मराठी अवतार होय. यातील 'दूर' म्हणजे लांब, आणि 'बीन' म्हणजे पाहणारा. फारसीत 'पाहणे' या अर्थी 'दीदन' हे क्रियापद असून त्याच्या वर्तमानकाळाचे अंग 'बीन' असे होते. हे अंग नामाला वा विशेषणाला जोडून कर्तृवाचक समास करण्याची त्या भाषेची नित्याची रीत आहे. हिंदी-उर्दूत गेलेले 'खुर्दबीन' (बारीक पाहणारे, म्हणजे सूक्ष्मदर्शक) आणि 'तमाशबीन' (तमाशा पाहणारा) हे शब्द याच घडणीचे आहेत.

आता 'बायनॉक्युलर'कडे पाहावे. हा शब्द लॅटिनमधील 'बीनी' म्हणजे 'दोन-दोन' आणि 'ऑक्युलस' म्हणजे 'डोळा' या दोन पदांचा बनलेला आहे. तेथील 'बीन'चा अर्थ दोन, तर फारसीतील 'बीन'चा अर्थ पाहणारा. उच्चार जुळला म्हणून नाते जुळत नाही. व्युत्पत्तिशास्त्राचा हा पहिला धडा येथे विसरला जातो. शिवाय काळाचा हिशेबही जुळत नाही. फारसीत 'दूरबीन' हा शब्द उपकरणाच्या जन्मापूर्वीपासून आहे. अभिजात फारसी वाङ्मयात तो पुढचे पाहणारा, धोरणी, या अर्थाचे विशेषण म्हणून येतो. याच अर्थच्छटेचा 'दूरंदेशी' हा शब्द मराठीने स्वतंत्रपणे उचलला आहे. सतराव्या शतकात काचेची भिंगे बसवलेली नळी युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत पूर्वेकडे आली, तेव्हा तिच्यासाठी फारसी भाषकांना नवा शब्द घडवावा लागला नाही. माणसाचा गुण सांगणारे जुने विशेषणच यंत्राला देण्यात आले.

या घटनेला संस्कृतात एक लक्षणीय समांतर आहे. 'दूरदर्शिन्' हा शब्द अमरकोशात पंडिताच्या पर्यायांमध्ये 'दीर्घदर्शिन्'च्या शेजारी येतो; आणि आभाळातून भक्ष्य हेरणाऱ्या गिधाडाला संस्कृतात 'दूरदर्शन' असेही नाव आहे. म्हणजे दूर पाहण्याचे सामर्थ्य आधी शहाण्या माणसाला, मग पक्ष्याला आणि फार पुढे यंत्राला चिकटले. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत चित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले आणि पुढे 'दूरदर्शन' हे तिचे नाव घरोघरी पोचले. तेव्हा गिधाडाचे हे जुने नाव कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. शब्दाचा अर्थ त्याच्या जन्मपत्रिकेत बांधलेला नसतो, तो वापराने ठरतो, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

युरोपातही वस्तू आधी आली आणि स्थिर नाव मागाहून मिळाले. १६०८ साली हान्स लिपरहे या भिंगे बनवणाऱ्या कारागिराने नेदरलँड्समध्ये अशा नळीच्या एकाधिकारासाठी अर्ज केला. १६०९ मध्ये गॅलिलिओने स्वतः बनवलेली नळी आकाशाकडे वळवली. 'टेलिस्कोप' हे ग्रीक घडणीचे नाव मात्र १६११ साली रोममध्ये गॅलिलिओच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीच्या निमित्ताने पुढे आले. ते सुचवण्याचे श्रेय जोव्हान्नी देमिसियानी या ग्रीक विद्वानास दिले जाते. त्याचाही अर्थ 'दूर पाहणारे' असाच आहे. ग्रीक, फारसी आणि संस्कृत या तिन्ही भाषांनी एकाच कल्पनेला आपापल्या धातूंतून रूप दिले. विशेष म्हणजे लिपरहेकडे त्याच वर्षी दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे उपकरण मागण्यात आले होते व त्याने ते करूनही दिले. एका डोळ्याची आणि दोन डोळ्यांची अशा दोन्ही दुर्बिणी जवळजवळ जुळ्या बहिणी आहेत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. इंग्रजीने या दोहोंना वेगळी नावे दिली, कारण एक नाव कार्यावरून आणि दुसरे अवयवांच्या संख्येवरून पडले. 'दुर्बीण' हा शब्द केवळ कार्यावरून पडलेला असल्यामुळे तो दोहोंना सारखाच लागू पडतो. पक्षिनिरीक्षकाच्या गळ्यातली दुर्बीण आणि वेधशाळेच्या घुमटाखालची दुर्बीण यांत मराठी भाषकाचा कधी घोटाळा होत नाही. संदर्भ तो मिटवतो. जेथे भेद सांगणे अगत्याचे असेल तेथे 'द्विनेत्री दुर्बीण' असे म्हणता येते. या व्यापकतेला कोणी दारिद्र्य म्हणू नये.

३

'यावनी' या आक्षेपाचा विचार आता करता येईल. 'दूरबीन'मधील दोन्ही पदांचा मागोवा घेतल्यास तो संस्कृतच्या अंगणातच येऊन थांबतो. 'दूर' हा शब्द प्राचीन इराणी आणि वैदिक अशा दोन्ही भाषांत एकाच रूपाने आढळतो. तो मराठीने फारसीकडून घेतला की संस्कृताकडून, हा प्रश्नच निरर्थक ठरावा इतका तो सामाईक आहे. 'बीन'ची हकिगत थोडी लांबची आहे. अवेस्तातील 'वएन' म्हणजे पाहणे, हे त्याचे प्राचीन रूप. आरंभीच्या 'व'चा नव्या फारसीत अनेक ठिकाणी 'ब' होतो. संस्कृत 'वात' आणि फारसी 'बाद' (वारा), संस्कृत 'विंशति' आणि फारसी 'बीस्त' (वीस) या जोड्या पाहिल्या म्हणजे हा नियम ध्यानात येतो. त्याच न्यायाने 'वएन'चे 'बीन' झाले. या इराणी धातूशी वैदिक 'वेन्' धातूचे नाते भाषाशास्त्रज्ञ जोडतात. वेदात त्याला ओढीने पाहण्याची, आस लागण्याची छटा आहे, आणि धातुपाठात त्याच्या अर्थांमध्ये ज्ञान व चिंतन यांच्या जोडीने पाहण्याचाही समावेश केलेला आहे. 'दीदन'चे नातेही संस्कृतातील 'धी'शी, म्हणजे बुद्धीशी, लावले जाते. सारांश, जो शब्द परका म्हणून हाकलावयाचा तो दुरून आलेला चुलत भाऊ निघतो.

अर्थात या युक्तिवादावर फार भार टाकणे इष्ट नव्हे. आर्यकुळातला म्हणून शब्द चालेल आणि अरबी असता तर चालला नसता, असे म्हणणे म्हणजे शुद्धीवाद्यांचाच निकष मागच्या दाराने आत घेणे होय. शब्दाची योग्यता त्याच्या पूर्वजांवरून ठरवावयाची नसते. ती तो भाषेच्या व्याकरणात कितपत मुरला आहे आणि भाषकांची कोणती गरज भागवतो, यावरून ठरवावी लागते.

४

या निकषावर 'दुर्बीण' कशी उतरते, हे पाहावे. फारसी 'दूरबीन' मराठीत येताना तीन ठिकाणी बदलला. पहिला बदल आद्य अक्षराचा. दीर्घ 'दू' ऱ्हस्व होऊन 'दुर्' झाला. दूर जाऊन दुर् राहिल्याने हा शब्द 'दुर्गुण', 'दुर्जन' यांच्या रांगेत बसलेला दिसतो; पण कोणाही मराठी माणसाला त्यात वाईटाचा वास येत नाही. दुसरा बदल अंत्य 'न'चा. हिंदीने तो तसाच ठेवला, मराठीने त्याचा 'ण' केला. 'निशान'चे 'निशाण' करणारी, इंग्रजीतून आलेल्या शब्दांना 'पलटण' आणि 'बटण' अशी रूपे देणारी ही मराठीची प्रवृत्ती परिचित आहे. येथे तिला आणखी एक बळ मिळाले असावे. 'वाघीण', 'सुईण', 'मालकीण' अशा ईणकारान्त स्त्रीलिंगी शब्दांचा मोठा संच मराठीत तयार होता. 'दूरबीन' त्या साच्यात सहज बसला आणि त्याचे वळण पक्के झाले.

तिसरा बदल सर्वांत महत्त्वाचा, तो रूपसिद्धीचा. 'वाघीण'चे 'वाघिणीने' होते, तसे 'दुर्बीण'चे 'दुर्बिणीने' होते. उपान्त्य दीर्घ 'बी' सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. हा नियम मराठीत तत्सम शब्दांना लागू होत नाही. 'शरीर'चे 'शरीरात' होते, 'शरिरात' होत नाही. म्हणजे मराठीचे व्याकरण संस्कृत शब्दाला पाहुण्यासारखे वागवते, त्याला हात लावीत नाही. आणि 'दुर्बीण'ला मात्र घरच्या माणसासारखे आपल्या नियमाखाली घेते. एकच शब्द 'दुर्बीण' असा दीर्घ आणि 'दुर्बिणीतून' असा ऱ्हस्व का लिहावयाचा, याचे उत्तर या घरोब्यात आहे. 'दुर्बिण' असे ऱ्हस्व लेखन सर्रास आढळते. ते अशुद्ध आहे. शुद्धीचा आग्रह धरावयाचाच असेल तर तो येथे धरला जावा.

अर्थाच्या बाजूनेही हा शब्द वाढत राहिला आहे. पोटाला लहानशी छिद्रे पाडून, आत नळी घालून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेला गावोगावच्या रुग्णालयांच्या पाट्यांवर 'दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया' असे लिहिलेले असते. तेथे दूरचे काहीच पाहावयाचे नसते. पाहावयाचे ते शरीराच्या आतले. तरीही शब्द चपखल बसतो, कारण भाषकांच्या मनात 'दुर्बीण' म्हणजे साध्या डोळ्याला न दिसणारे दाखवणारी नळी, असा अर्थ स्थिरावला आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी महाकाय मांडणी उभी आहे तिला मराठीत 'रेडिओ दुर्बीण' म्हणतात. तेथे तर पाहणारा डोळाही नाही आणि पाहण्याजोगा प्रकाशही नाही, आहेत त्या रेडिओलहरी. १९९० साली अंतराळात सोडलेली हबल आणि डिसेंबर २०२१ मध्ये निघालेली जेम्स वेब या दोन्ही मराठी वृत्तपत्रांच्या लेखी अवकाश दुर्बिणीच आहेत. आणि बोलण्यात 'दुर्बीण लावून शोधले तरी सापडणार नाही' हा वाक्प्रयोग आहेच. वेधशाळा, शस्त्रक्रियागृह आणि चावडीवरच्या गप्पा या तिन्ही ठिकाणी सारख्याच सहजतेने वावरणारे शब्द कोणत्याही भाषेत थोडे असतात.

५

परक्या शब्दांविषयीची मराठीची अस्वस्थता नवी नाही व ती अकारणही नव्हती. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सन १६७७ च्या सुमारास सिद्ध झालेला राज्यव्यवहारकोश हा फारसीच्या दरबारी वर्चस्वाला दिलेला राजकीय जबाब होता. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभी केली. १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध करणारे माधव जूलियन यांनीच पुढे 'भाषाशुद्धिविवेक' (१९३८) लिहून तिचा पुरस्कार केला, ही त्या काळातील लक्षणीय घटना होय. फारसीचे मर्म ज्याला उत्तम ठाऊक होते अशा माणसाने तिची मराठीतील अतिरिक्त भर कमी करू पाहिली, हा विचार अज्ञानातून आलेला नव्हता. या चळवळीने मराठीला चांगले शब्द दिले, हेही नाकारता येत नाही. 'महापौर' सारखा शब्द आज कोणालाही कृत्रिम वाटत नाही.

तथापि त्या प्रयत्नांच्या यशापयशातूनच एक विवेक हाती लागतो. जेथे मराठीत शब्द नव्हता किंवा केवळ इंग्रजी शब्द होता, तेथे नवा शब्द रुजला. जेथे जिवंत शब्द आधीच होता, तेथे नवा शब्द कागदावर राहिला आणि जुना तोंडी राहिला. 'दिनांक' अर्जावर लिहिला जातो, पण लोक एकमेकांना 'तारीख' विचारतात. हाच विवेक भिंगांच्या उपकरणांना लावून पाहावा. 'खुर्दबीन' मराठीत कधी रुळला नाही. ती जागा मोकळी होती, म्हणून 'सूक्ष्मदर्शक' रुजला आणि आज तो आपला आहे. 'दूरदर्शक'ला मात्र मोकळी जागा मिळाली नाही. तेथे 'दुर्बीण' आधीच बसलेली होती. त्यात 'दूरदर्शन' घरोघरी गेल्यावर 'दूरदर्शक' या शब्दाचा कानाला होणारा बोध अधिकच गोंधळाचा झाला.

याच्या उलट बाजूला एक सबळ मुद्दा आहे व तो टाळून चालणार नाही. शास्त्रीय परिभाषेला सुसूत्रता लागते. 'सूक्ष्मदर्शक', 'दूरदर्शक', 'वर्णपटदर्शक' अशी एकाच घडणीची मालिका असली की विद्यार्थ्याला एका पदावरून दुसऱ्याचा अर्थ उलगडतो. 'दुर्बीण' त्या मालिकेत बसत नाही, हे मान्य करावे लागेल. शास्त्रीय व्याख्येत, कोशात, उपकरणांच्या वर्गीकरणात 'दूरदर्शक' जरूर असावा. परंतु व्याख्येसाठी घडवलेला शब्द पाठ्यपुस्तकाच्या ओळीओळीत सक्तीने घालून तोंडातला शब्द अशिष्ट ठरवणे, ही निराळी गोष्ट आहे. खेड्यातले जे मूल जत्रेत दुर्बीण डोळ्याला लावून आले आहे, त्याला वर्गात त्याच वस्तूचे अनोळखी नाव पाठ करावे लागले, तर त्याला विज्ञान परके वाटू लागते. रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर अंगठा उठवणाऱ्या माणसाला तर आपल्या शरीरात काय घातले जाणार आहे, ते कळण्याचा हक्क आहे. आणि 'दुर्बीण' हा शब्द ते काम एका क्षणात करतो.

शेजारच्या भाषांकडे पाहिले तरी हेच दिसते. कन्नडात 'दुर्बीनु', तेलुगूत 'दुर्भिणी', तुर्कीत 'द्युर्ब्यून', इतकेच नव्हे तर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या स्वाहिलीत 'दारुबिनी', असा या शब्दाचा विस्तार आहे. प्रत्येक भाषेने तो आपल्या उच्चारात घडवून घेतला. बंगालीने 'दूरवीक्षण' असा संस्कृत पर्याय शास्त्रासाठी सिद्ध केला. पण बोलीतला 'दूरबीन' तिने हद्दपार केला नाही. दोन शब्द दोन कामांसाठी शेजारी-शेजारी नांदू शकतात. खुद्द इराणात मात्र आज 'दूरबीन' म्हटले की छायाचित्रे काढण्याचा कॅमेराही समजला जातो. त्यामुळे आकाश पाहण्याचा जो अर्थ मराठीत ठळक आहे, तो आता मराठीच्या स्वतःच्या सांभाळण्याचा ठेवा झाला आहे.

शेवटी एक वस्तुस्थिती नोंदवणे आवश्यक आहे. 'दुर्बीण' बाजूला सारल्याने 'दूरदर्शक' तिच्या जागी येईल, ही अपेक्षा अनुभवाशी जुळत नाही. शहरी घरांतली मुले आज 'बायनॉक्युलर' आणि 'टेलिस्कोप' म्हणतात. ज्या शब्दाला आपणच अशुद्ध ठरवतो त्याची रिकामी केलेली जागा संस्कृत शब्द भरून काढीत नाही. ती इंग्रजी शब्द घेतो. फारसीशी झुंजण्याचा तो काळ केव्हाच संपला. फारसी आता मराठीच्या दरबारात सत्ताधीश म्हणून उभी नाही. तिचे जे शब्द मागे राहिले ते मराठीच्या व्याकरणाने दत्तक घेतलेले आहेत. मोल्सवर्थने आपल्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) परक्या मुळाचे शब्द वगळले नाहीत. मूळ दाखवून ते मराठीचे म्हणून नोंदवले. एका परकी कोशकाराला जे उमगले ते अभिजात भाषेच्या वारसदारांना उमगू नये, हे शोभणारे नाही. परिभाषा मंडळांनी, पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांनी 'दुर्बीण' हा शब्द शास्त्रीय लेखनातही पूर्ण मान्य धरावा, त्याचे 'दुर्बीण – दुर्बिणीने' हे शुद्ध रूप तेवढे आग्रहाने शिकवावे आणि 'दूरदर्शक'ला त्याच्या व्याख्येच्या जागी सुखाने राहू द्यावे. 'दूरबीन' या शब्दाचा आद्य अर्थ 'पुढचे पाहणारा' असा होता. त्या शब्दाचे काय करावयाचे हे ठरवताना निदान तेवढा गुण दाखवला जावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.